साफ केलेलं परडं

आमच्या ह्यांनी उभं आयुष्य बोटीवर काढलं. बोटीवरच्या माणसाला म्हणे दोन गोष्टी सहन होत नाहीत, एक गंज आणि दुसरा पसारा. ह्या वर्षी उन्हाळ्यात निवृत्त होऊन कायमचे घरी आले तसं त्यांनी कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, रहाटाचं चाक, जे जे लोखंडी दिसेल ते खरवडलं आणि त्याला राखाडी रंग मारला. माझी जुनी विळीसुद्धा त्यातून सुटली नाही. मी ‘छान’ म्हटलं आणि गप्प बसले. घरात नवरा असण्याची सवय मला नव्हती आणि घराची सवय त्यांना नव्हती, तेव्हा विळीपायी भांडण कशाला? पण परड्याचं झालं तेव्हा मात्र मी तोंड आवरलं नाही.

परडं म्हणजे घरामागची जागा. आमचं परडं मागच्या पडवीपासून उतरत उतरत खाडीपर्यंत जातं. वर माड, दोन रायवळ आंबे आणि एक फणस. खाली चिऱ्यांचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडांची बुटकी भिंत. गडग्यापलीकडे खाजण, म्हणजे भरतीचं पाणी येऊन जाऊन राहतं ती चिखलाची सपाटी, तिच्यात तिवरं नि कांदळ ही खारफुटी दाटीनं उभी. त्याच्याही पुढे नदीचं मुख आणि वाळूचा दांडा. फोटो काढायला लोक येतात ते त्या दांड्यावर. आमच्या चिखलाकडे कोणी ढुंकून बघत नाही.

मी सांगलीकडची. लग्न होऊन आले तेव्हा खाडी कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळी पाणी बघितलं, दुपारी बघते तर पाणी गायब. मी घाबरून सासऱ्यांना सांगायला गेले. पुढे कितीतरी वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “आमच्या सुनेन खाडी चोरीला गेल्याची वर्दी दिलान!”

लग्नानंतर महिन्याभरात हे बोटीवर गेले. सासूबाई आधीच गेलेल्या. सासरे दिवसभर बागेत, आणि घरी आले तरी मोजकंच बोलणारे. मी दुपारची भांडी आटोपली की गडग्याशी जाऊन बसायची. खरं सांगायचं तर रडायला जायची. पण तिथं नीट रडूही द्यायचे नाहीत. चिखलात निवटे असायचे, बोटभर लांबीचे मासे, डोळे डोक्यावर. पाण्यात राहायचं सोडून चिखलावर उड्या मारायचे आणि एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. एक नांगी भलतीच मोठी असलेले लाल खेकडे बिळाच्या तोंडाशी उभे राहून ती नांगी हलवत बसायचे, जसं काही मलाच बोलावतायत. डोळे पुसून मी हसायला कधी लागायची ते मला कळायचं नाही.

मग हळूहळू गडग्याच्या अलीकडचंही दिसायला लागलं. पाऊस लागला की परड्यात रानहळद जमिनीतून सरळ फूल घेऊनच वर यायची. श्रावणात गडग्यावर कळलावी चढायची, तिची लाल-पिवळी फुलं चुलीतल्या जाळासारखी वर वळलेली. भारंगी, कुर्डू, टाकळा ह्यांची आधी भाजी व्हायची आणि मग फुलं. कवंडळाचा वेल फणसावर जायचा आणि त्याची लालभडक फळं गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधायला लागायची. आणि तेरडा तर सगळीकडे, गुलाबी, जांभळा, मधूनच पांढरा. कोणी लावलेलं नव्हतं, कोणी पाणी घालत नव्हतं. आपल्या वेळेला यायचं आणि आपल्या वेळेला जायचं. हेही तसेच यायचे-जायचे, पण त्यांच्यापेक्षा तेरडा वक्तशीर होता.

मुलगा झाला, मोठा झाला, शिकायला म्हणून मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं. सून मुंबईचीच, दादरची. लग्नानंतर उन्हाळ्यात चार दिवस येऊन गेली तेवढीच. आणि ह्या वर्षी आषाढात मुलाचा फोन आला. म्हणाला, दोघांचंही काम लॅपटॉपवरचं आहे, इथून होऊ शकेल, आम्ही गावाला येऊन राहायचा विचार करतोय. पण ती म्हणते, पावसाळ्यात राहून बघितल्याशिवाय ठरवायचं नाही. गणपतीला येतो, थोडे दिवस राहतो, मग बघू.

फोन ठेवल्यावर हे बराच वेळ पडवीत येरझारा घालत होते. मग म्हणाले, “तो रांगायला लागला तेव्हा मी नव्हतो. शाळेत गेला तेव्हा नव्हतो. आता येतोय म्हणतो, तर यायला पाहिजे गो.” असं उघड ते कधी बोलत नाहीत. त्या दिवसापासून घरात एकच विषय, सुनेला आवडलं पाहिजे.

शेजारच्या काकींनी त्यात तेल ओतलं. त्या गडग्यावरून डोकावून म्हणाल्या, “पावसात ऱ्हायल होय मुंबयची पोर? तेरड्याचा रंग तीन दिवस हो वयनी! आणि तुमच्या परड्यात केवढा रान. परवा माझ्या गडग्यात फुरसा निघाला.” फुरसं म्हणजे वीतभर साप, पण विष जबर. मी हसण्यावारी नेलं. ह्यांनी नेलं नाही.

श्रावणात माझ्या भाचीचं डोहाळजेवण होतं म्हणून मी चार दिवस माहेरी गेले. परत आले, पिशवी ठेवली, मागचं दार उघडलं आणि दारातच उभी राहिले. परड्यात काहीच नव्हतं. माड होते, आंबे होते, फणस होता, आणि मधे सगळी भुई भादरलेल्या डोक्यासारखी. कापलेल्या तेरड्याचे ढीग कुजत पडले होते. फणसावरचा कवंडळाचा वेल बुंध्यापाशी तुटून वर सुकत होता. गडग्यावरची कळलावीही गेली होती. मधोमध हे उभे, खांद्याला ते गवत कापायचं नवंकोरं मशीन, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू.

“कसं दिसतंय?” त्यांनी विचारलं.

मला रडू फुटलं. आधी रडले आणि मग भांडले. ते गोंधळून म्हणाले, “अगो, गवतासाठी रडतेस? सुनेला साप चावला म्हणजे?”

“मला चावला का इतक्या वर्षांत?”

“तू वेगळी.”

“मी कशी वेगळी? मी काय इथंच उगवले होते?”

माझ्या सोबतीच्या माणसांना कोणी घराबाहेर काढल्यासारखं मला वाटत होतं, पण हे त्यांना कसं सांगायचं? त्यांनी परडं बघितलेलं ते सुट्टीत आले की, आणि सुट्टी मिळायची बहुतेक उन्हाळ्यात. तेव्हा परड्यात पालापाचोळ्याशिवाय असतं काय? त्यांच्या लेखी ते रान म्हणजे डेकवर साचलेला गंज. बरं, चांगल्या मनानं केलेलं. चांगल्या मनानं केलेल्या कामावर धड रागावताही येत नाही, ही आणखी पीडा. खाजणातली तिवरं तेवढी वाचली, कारण ती तोडायची नाहीत असा सरकारी नियम आहे. नाहीतर ह्यांनी दांड्यापर्यंत सफाई केली असती.

गणपतीच्या आदल्या दिवशी मुलगा-सून आली. ह्यांनी सुनेला हातातली बॅगसुद्धा ठेवू दिली नाही, थेट मागच्या पडवीत नेऊन परडं दाखवलं. ती म्हणाली, “छान.” मी कान टवकारले. तो ‘छान’ माझ्या ओळखीचा होता. राखाडी विळीला मी म्हटला होता तोच.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. “आई, मागच्या वर्षी तुम्ही एक व्हिडिओ पाठवला होतात. भिंतीवर लाल-पिवळी फुलं होती आणि मागे पाऊस. तो कुठला?”

“इथलाच,” मी म्हटलं.

तिनं खिडकीतून गडग्याकडे बघितलं. मग लसूण सोलायला घेतला.

गणपती बसला. माटवीला कवंडळं बाजारातून आणली, ती हिरवट होती. पाऊस लागून राहिला. सून सकाळी लॅपटॉप उघडून बसायची ती संध्याकाळी उठायची. हे दर तासाला जाऊन विचारायचे, नेट येतंय ना, पंखा हवा का, दिवा लावू का. चौथ्या दिवशी मुलगा हळूच मला म्हणाला, “आई, ती म्हणते, आमच्या सोसायटीतही असंच कापलेलं लॉन आहे. मग इकडे यायचं कशाला?” ह्यांना मी ते सांगितलं नाही. आदल्याच दिवशी त्यांनी माडीवरच्या खोलीत दोघांच्या टेबलांसाठी जागा मोजून ठेवली होती.

आणि गौरीचा दिवस उजाडला.

आमच्याकडे गौर म्हणजे तेरडा. मुळासकट उपटलेली तेरड्याची रोपं आणायची, त्यांची जुडी बांधायची, तिला मुखवटा लावायचा, साडी नेसवायची, दागिने घालायचे. नवी सून घरात असली की पहिली गौर तिनं स्वतःच्या हातानं उपटून आणायची. आणि आणताना तोंडात पाण्याची गुळणी धरायची, घराच्या तुळशीपर्यंत ती सांडायची नाही की गिळायची नाही. म्हणजे आपोआपच बोलणं बंद. बरोबर जाणाऱ्या बाईनंही गुळणी धरायची. इतकी वर्षं मी ती परड्यातूनच आणत आले.

हे सोवळं नेसून मुखवटा पुसत बसले होते. एकदम थांबले. “तेरडा आणायचा कुठनं?”

“तुम्ही कापलात तिथनं,” मी म्हटलं.

त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. त्यांनी गौर बघितलेली ती नटून-सजून बसलेली, तीही दोन-चारदाच. ती आपल्याच परड्यात उगवते हे त्यांना माहीतच नव्हतं. “मला वाटलं बाजारातनं आणता,” म्हणाले. गौरीच्या सणासाठी घर साफ केलं आणि त्या साफसफाईत गौरच कापून टाकली! असा पराक्रम आमच्या गावात ह्यांच्या आधी कोणी केला नसेल.

ते स्कूटरची किल्ली शोधायला लागले. “बाजारात जुड्या मिळतात, आत्ता आणतो.”

तेव्हा सून म्हणाली, “बाजारातल्या जुडीला मुळं असतात का?”

मी तिच्याकडे बघितलं. मुळं नसतात, देठातून कापलेली असतात ती. मी पाण्याची कळशी उचलली आणि म्हटलं, “चल माझ्याबरोबर. साडी वर खोच आणि चप्पल इथंच काढून ठेव.”

आमच्या गडग्याच्या टोकाला एक पऱ्या येतो. डोंगरावरून पावसाचं पाणी आणणारा हा ओढा खाजणाला मिळतो तिथं जुना मातीचा बांध आहे. कधीकाळी आत भातशेती होती तेव्हाचा. तिथवर मशीन घेऊन जायचं म्हणजे गुडघाभर चिखल, म्हणून ह्यांची सफाई अलीकडेच थांबली होती. आम्ही दोघी हात धरून चिखल तुडवत गेलो. पहिल्या दहा पावलांत ती दोनदा बसली. दुसऱ्यांदा बसली ती उठायलाच तयार होईना, कारण समोर निवटा होता. “आई, हा मासा चालतोय!” तिचा आवाज असा की जणू त्याची तक्रारच करायची आहे. मी म्हटलं, अशीच एक तक्रार मी सासऱ्यांकडे केली होती, आणि तिला खाडी चोरीला गेल्याची गोष्ट सांगितली. चिखलात बसून ती पोट धरून हसली. घरात आल्यापासून मी तिला पहिल्यांदा तशी हसताना बघत होते.

बांधावर पोचलो आणि मला हायसं वाटलं. पऱ्याच्या गोड्या पाण्याच्या अंगाला तेरडा कमरेएवढा माजला होता. भेंडीच्या झाडावर (भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठचं मोठं झाड) कळलावी होती. सुनेनं ती लगेच ओळखली, व्हिडिओतली फुलं. मी सांगितलं, ह्यांना गौरीचे हात म्हणतात, फूल घे पण कंदाला हात लावू नकोस, विषारी असतो. कांदळाच्या फांद्यांना लांब हिरव्या शेंगा लटकल्या होत्या आणि त्यांतल्या काही खाली चिखलात पडून उभ्या रुजलेल्या. एक खंड्या तारेवर बसून आमच्यावर ओरडत होता. सून प्रत्येक गोष्टीला हात लावून विचारत होती आणि मी सांगत होते. मला इतकं काही माहीत आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

तिनं तेरडा उपटला. मुळांना लाल माती लटकत होती. मी कळशीतलं पाणी दिलं, दोघींनी गुळण्या धरल्या आणि परत फिरलो.

ओहोटी लागली होती. बांध संपतो तिथं तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. समोर, तिवरांच्या मधून, चिखलावर चार ऊद चालले होते. पाणमांजरं. दोन मोठी आणि मागे दोन पिल्लं, ओली, चकचकीत. पुढचीच्या तोंडात मासा होता. पिल्लं त्याला झोंबत, चिखलावरून घसरत, एकमेकांच्या अंगावर पडत, चिवचिव शिट्ट्या मारत होती. मी वर्षानुवर्षं तिथं बसले, पण पिल्लं घेऊन निघालेले ऊद मला कधी दिसले नव्हते. आणि आम्हाला बोलता येत नव्हतं! तोंडात पाणी, हातात गौर. सून माझ्याकडे बघे, उदांकडे बघे, पुन्हा माझ्याकडे बघे. तिचे गाल फुगलेले, डोळे एवढे मोठे. मला हसू यायला लागलं, तिनं मान जोरजोरात हलवून मला दटावलं. मोठा ऊद मागच्या पायांवर उभा राहिला, आमच्याकडे नीट बघितलं, आणि मग सगळे एकामागून एक पाण्यात उतरले.

वाटेत काकी गडग्याशी उभ्याच होत्या. “काय गो सूनबाय, तोंडाला कुलूप काय?” गौर आणणारीला बोलतं करायचं ही त्यांची जुनी खोड. सून नुसती डोळ्यांनी हसली आणि पुढे झाली.

दारात पाय धुतले, भाकरतुकडा ओवाळून टाकला. तुळशीपाशी तिनं गुळणी टाकली आणि पहिला शब्द असा मोठ्यानं आला की मुखवटा घेऊन उभे असलेले हे दचकले. “बाबा! चार होते! पिल्लं होती!”

“साप?” ह्यांनी विचारलं.

घरभर हशा पिकला. चिखलानं कमरेपर्यंत माखलेली ती पोर पुढचा तासभर सगळ्यांना ऊद कसे चालतात ते करून दाखवत होती. लॅपटॉप त्या दिवशी उघडला नाही. दुसऱ्या दिवशी गौरीला वडे-सागोतीचा, म्हणजे वडे नि कोंबडीच्या रश्श्याचा, नैवेद्य दाखवून झाला आणि ती मुलाला घेऊन पुन्हा बांधावर गेली. ऊद दिसले नाहीत. तरी दोघं अंधार पडायच्या सुमारासच परत आली.

गौर खाडीत पोचवून आलो त्या संध्याकाळी मागच्या पडवीत सगळे बसलो होतो. सून म्हणाली, “बाबा, दिवाळीनंतर आम्ही सामान घेऊन येतो. पण परड्यात काही कापायचं नाही. पायवाटेपुरतं चालेल. एवढं कबूल करा.”

हे उठले आणि आत गेले. मला वाटलं, रागावले. बघते तर गवताचं मशीन निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर चढवत होते. डोळे पाण्यानं भरलेले. “धूळ गेली डोळ्यात,” म्हणाले. पावसाळ्यात कसली धूळ? पण मी ‘बरं’ म्हटलं.

नवरात्र संपल्यावर एके दिवशी दुपारी हे दिसेनात. हाक मारत खाली गेले तर बांधावरून स्वतःशीच शिव्या घालत येत होते, गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात रुमालाची पुरचुंडी. तेरड्याच्या पिकलेल्या बोंडांना हात लावला की ती फट्‌दिशी फुटतात आणि बी चहूकडे उडतं. अर्धंअधिक त्यांच्या सदऱ्यात, केसांत गेलं होतं. मी हसत सुटले. ते मात्र गंभीर होते.

“कुठं काय होतं ते दाखव,” म्हणाले. “सगळं दाखव. मी लावतो.”

मग आम्ही परडंभर फिरलो. इथं तेरडा. इथं रानहळद, तिचे कंद खाली असतील, ती आपली आपण येईल. इथं कवंडळ, हा तेरडा असा गडग्यापर्यंत. मी बोट दाखवायची आणि ते काठी रोवायचे. उन्हाळ्याशिवाय कधी न बघितलेलं आपलं परडं ते माझ्या तोंडून बघत होते. गडग्याशी आलो तेव्हा थांबले. खाजणाकडे बघत त्यांनी विचारलं, “मी नसायचो तेव्हा तुला इथं करमायचं कसं गो?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, “हेच सगळं होतं की सोबतीला.”

त्यांनी गडग्याच्या दगडांवरून हात फिरवला. मग म्हणाले, “बसायचीस कुठं?”

मी गडग्याच्या कोपऱ्यातली जागा दाखवली. त्यांनी तिथं काठी रोवली नाही. वर जाऊन रचून ठेवलेल्या चिऱ्यांतला एक चिरा उचलून आणला, जमिनीत नीट बसवला, हलतो का बघितला. आणि पुन्हा वर निघाले.

“अहो, एक पुरे की,” मी म्हटलं. “मी एकटीच तर बसायची.”

“आता मी आहे ना,” ते म्हणाले, आणि दुसरा चिरा आणायला गेले.